एका चौकोनात पंधरा झाडं

काटोल रोडवरच्या आमच्या गल्लीत रविवारचा सकाळचा चहा काकाजींकडे असतो. काकाजी वनपाल म्हणून निवृत्त झाले. आधी बीटगार्ड, मग राऊंड ऑफिसर. सारी नोकरी पायी. आता दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण वाघाच्या बातमीवर मत द्यायला गुडघे लागत नाहीत. त्यांची पुतणी सुदूर संवेदनात संशोधन करते. उपग्रहांनी टिपलेली चित्रं घ्यायची, कुठे रान, कुठे पाणी, कुठे शेत हे संगणकाकडून ओळखून घ्यायचं, आणि त्यावरून प्राण्यांच्या वाटा, आगीच्या जागा, तुटत चाललेली जंगलं यांचा हिशेब मांडायचा, हे तिचं काम. मी शेजारी. मला या दोघांच्या भांडणात रस आहे आणि काकूंच्या तर्री-पोह्यांतही.

त्या रविवारी तिने लॅपटॉप पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. पडद्यावर काटोलकडचा भाग, एप्रिलमधलं चित्र. बहुतेक सगळं तपकिरी, मधेमधे गर्द हिरवे तुकडे.

"हे एवढं गच्च हिरवं काय आहे वं?"

"दाट छत्र, काकाजी. वरून पाहिलं तर झाडांच्या शेंड्यांनी किती जमीन झाकली आहे, ते. संगणकाने त्याला जंगल म्हटलंय."

काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला टेकवलं. "हा नाला. हे पांदण. इथं विहीर... अवं, हे धाकट्याचं वावर होय नं! तुह्या बापाची बाग! संत्रा आहे तो."

पोरीने चित्र मोठं केलं, पुन्हा पाहिलं. आधी तिलाच हसू फुटलं.

"एवढी शिकली अन् बापाची बाग नाही वळखता आली," काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"चूक माझी आहे, पण सगळी माझी नाही. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या बघा. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जमीन, आणि तिच्यावर दहा टक्के जरी झाडांचं छत्र असलं, तरी ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणतं, सातबारावर काय लिहिलंय, हे ती व्याख्या विचारतच नाही. 1987 पासून त्यांचा जो अहवाल निघतो, ज्याच्यावरून पेपरात जंगल वाढलं की घटलं याच्या बातम्या येतात, तो या हिशेबाने. त्या चित्रांतला एक चौकोन साडेतेवीस मीटरचा. बाबांनी संत्रा लावलाय सहा बाय सहा मीटरवर. म्हणजे एका चौकोनात पंधरा झाडं. उपग्रहाला पंधरा झाडं वेगवेगळी दिसत नाहीत. त्याला एक हिरवा चौकोन दिसतो."

"साडेतेवीस मीटर म्हंजे केवढा?"

"सहा हजार स्क्वेअर फूट. मानेवाड्याकडचे दीड-दीड हजाराचे चार प्लॉट."

"हां, आता समजलं." नागपूरकराला क्षेत्रफळ प्लॉटात सांगितलं की लगेच समजतं.

"आणि घोटाळा एप्रिलनेही केला," ती पुढे म्हणाली. "अहवालासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं घेतात. ढग गेलेले असतात आणि सागाची पानं अजून झाडावर असतात. मला आगी बघायच्या होत्या म्हणून मी एप्रिल घेतला. एप्रिलात पेंचचा साग उघडाबोडका आणि काटोलचा संत्रा हिरवागार. संगणक भोळा, त्याने बागेला जंगल केलं आणि जंगलाला माळरान."

"भोळा नाही, आळशी आहे. चालत गेला असता तर समजलं असतं."

काकाजींचं बोट आता पडद्यावर दुसरीकडे गेलं होतं. कळमेश्वरच्या बाजूला एक मोठा पांढुरका पट्टा होता, त्यात मधेमधे फिकट हिरवे ठिपके. "अन् याले काय नाव देलं?"

"पडीक. विरळ झुडपं."

"पडीक!" कप बशीत जरा जोरातच बसला. "याच्यात तितर आहे, लावे आहेत, खोकड आहे. पलीकडच्या दोन गावांची गुरं पावसाळाभर इथं असतात. बोरं इथलीच, झाडूचं गवत इथलंच. अन् हे कागदावर जंगल आहे, पोरी. झुडपी जंगल!"

हा शब्द विदर्भाबाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मध्य प्रांताच्या वेळेपासून महसुली कागदांत काही जमिनींवर 'झुडपी जंगल' अशी नोंद आहे. साग नाही, बांबू नाही, इमारती लाकडाच्या दृष्टीने कवडीमोल. गावाने तिथे गुरं चारावी, काटक्या आणाव्या, अशी ही जमीन. पुढे तिच्यावर शाळा झाल्या, रस्ते झाले, स्मशानं झाली, वस्त्या झाल्या. मग 1980 चा वन संवर्धन कायदा आला. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारी नोंदीत जे जंगल आहे तेही जंगलच. तेव्हापासून नागपुरातल्या निम्म्या वजनदार माणसांची कुठली ना कुठली फाईल या दोन शब्दांत अडकलेली आहे. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते, मूळचे अमरावतीचे, त्यांना हा शब्द कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. झुडपी जंगल हे जंगलच, असं न्यायालयाने म्हटलं; 1996 च्या त्या तारखेआधी ज्यांना जमिनी वाटल्या गेल्या त्यांना संरक्षण दिलं. प्रश्न सुमारे 86 हजार हेक्टरांचा होता.

"म्हंजे बघा भाऊ," काकाजी माझ्याकडे वळले, "सुप्रीम कोर्ट ज्याले जंगल म्हणते ते उपग्रहाले पडीक दिसते. अन् उपग्रह ज्याले जंगल म्हणते तिथं माहा भाऊ संत्रा विकून राहिला."

मी पोह्यांकडे पाहिलं. अशा वेळी मत न देणं शहाणपणाचं.

"उपग्रह काहीच म्हणत नाही, काकाजी," पोरगी शांतपणे म्हणाली. "तो प्रकाश मोजतो. पानावरून किती परत आला, मातीवरून किती आला, एवढंच. नाव आपण देतो. छत्र दहा टक्क्यांच्या खाली गेलं की वन सर्वेक्षण त्याला 'झुडपी' या वेगळ्या रकान्यात टाकतं आणि वनाच्छादनात धरत नाही. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह आहे, त्यात झुडपांची जमीन पडिकाचाच एक प्रकार म्हणून दाखवतात. मी तीच सूची वापरली."

"मंग ती सूची कोणी केली?"

"खूप आधी कोणीतरी."

"मी सांगतो कोणी केली. ज्या जमिनीवर सारा नाही मिळत ती इंग्रजांच्या लेखी वेस्ट. साहेब गेला, शब्द राहिला. अन् एकदा पडीक म्हटलं की मंग तिथं काहीही करता येते. सोलर लावा, कारखाना काढा, नाहीतर झाडं लावा." ते थांबले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मी लावली आहेत. चांगल्या पवन्याच्या गवतात खड्डे खोदून ग्लिरिसिडिया लावला. वरून टार्गेट होतं. पुढच्या वर्षी तिथं तितराचा आवाज नव्हता. ते कोणत्या नकाशात आहे?"

यावर ती काही क्षण बोलली नाही. मलाही हे नवीन होतं. इतक्या रविवारांत काकाजींनी ग्लिरिसिडियाचं नाव काढलं नव्हतं.

"नकाशात येऊ शकतं," ती म्हणाली. "म्हणजे आलंय. मधुसूदन आणि अबी वनक या दोघांनी उपग्रहचित्रांवरूनच देशातले असे कोरडे माळ, झुडपं, खडकाळ रानं शोधून काढली. 2023 मध्ये ते काम छापून आलं. देशाच्या जमिनीच्या सुमारे दहा टक्के निघाली, आणि त्यातली जेमतेम पाच टक्के अभयारण्यांत वगैरे आहेत. ज्या यंत्राला तुम्ही नावं ठेवता त्याच यंत्राने माळाला माळ म्हटलं. फरक एवढाच की त्यांनी सूची बदलली."

"अन् त्यायले माळ दाखवला कोणी?"

"जमिनीवर जाऊन पडताळणी करावीच लागते."

"तेच म्हणून राहिलो मी."

इथे माझं मत सांगून टाकतो. हा प्रश्न विदर्भात पक्ष्यांच्या जिवावर आलेला आहे. माळढोक वरोऱ्याकडे औषधापुरताही उरलेला नाही, आणि तणमोर पाहायचा तर अकोला-वाशीमकडच्या फासेपारध्यांना विचारावं लागतं, कारण त्याच्या उड्या कोणत्या गवतात दिसतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. झाडं मोजायच्या नादात आपण गवत मोजलंच नाही. याला उपग्रह जबाबदार नाही, हे पोरीचं म्हणणं मला पटतं. पण सूची ठरवणाऱ्या खोलीत तो फासेपारधी कधीच नसतो, हेही तितकंच खरं.

आणि खोल्या तर नागपुरात किती! या शहराला वाघांची राजधानी म्हणतात, पण ते खरं तर नकाशांचं गाव आहे. अमरावती रोडवर माती मोजणारी राष्ट्रीय संस्था, त्याच बाजूला इस्रोचं प्रादेशिक केंद्र, व्हीएनआयटीच्या आवारात 1988 पासून राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे आपलं एमआरसॅक. सेमिनरी हिल्सवर भूगर्भवाले आणि वन सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय. सगळ्यांच्या आधी झिरो माईलचा दगड. सारा हिंदुस्थान त्रिकोणांत मोजायला निघालेला विल्यम लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे. त्याला साखळ्या ओढत, जड थिओडोलाइट वाहून नेत जावं लागलं. म्हणजे नकाशा करणारा माणूस तेव्हा निदान उन्हात तरी असायचा. हे मी बोललो तेव्हा पोरीने माझ्याकडेही रागाने पाहिलं. तिची त्वचा मार्चपासून काळवंडलेली होती, ते मी विसरलो होतो.

"आगीचं बोला," ती म्हणाली. "तिथं तरी आमचा उपयोग मान्य करा. उपग्रहाला पावणेचारशे मीटरच्या चौकोनात उष्णता दिसली की गार्डाच्या मोबाईलवर मेसेज जातो. आधी काय होतं? धूर दिसला तर कळणार."

"किती वाजता येते तुहा उपग्रह?"

"दुपारी दीडच्या सुमाराला. रात्री पुन्हा दीडला. एकाहून जास्त आहेत, थोडं मागेपुढे."

"मोह कवा पडते?"

तिला उत्तर माहीत होतं, पण तिने ते काकाजींना देऊ दिलं.

"पहाटे पडते. बाया अंधारात टोपल्या घेऊन निघतात. फूल पाल्यात दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळतात. एवढीशी आग, घराच्या अंगणाएवढी. सकाळी नऊ-दहापर्यंत फुलं वेचून बाया घरी. आग विझली तर विझली, नाही तर वाऱ्यावर डोंगर चढते. तुहा उपग्रह येते तवा एक तर काहीच नाही, नाही तर सारं कंपार्टमेंट पेटलेलं. अन् त्यात कोण होतं, काऊन लावली, हे तर नाहीच दिसत. आम्ही काय करत होतो? फेब्रुवारीत जाळरेषा काढायच्या, अन् मार्चात गावात जाऊन बसायचं. कोणाचं कोणतं झाड ते पाठ असायचं. सांगायचं, बाई, पाला झाडून घे, जाळू नको. निम्म्या ऐकायच्या."

"आणि ज्या आगी लागल्या त्या सगळ्या लिहायचे तुम्ही?"

हा प्रश्न तिने अगदी हळू आवाजात विचारला. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकं काढून पाहिलं.

"नाही," काकाजी म्हणाले. "पाच लागल्या तर दोन लिहायच्या. जास्त लिहिल्या की खुलासा मागायचे. सहा हेक्टर जळालं तर दीड हेक्टर लिहायचं. सारेच करायचे."

"आता नाही करता येत. ठिपका तिथं आहे, तारखेसकट, आणि तो कोणालाही बघता येतो. मी मागच्या वीस वर्षांचे ठिपके एकावर एक ठेवले तर कोणत्या गावाजवळ दर वर्षी त्याच आठवड्यात आग लागते हे दिसतं. मग तुमच्यासारखा कोणी त्या गावात जाऊन बसू शकतो. अंदाजाने सगळ्या गावांत फिरायची गरज नाही."

काकाजींनी कबुलीची मान हलवली नाही, पण वादही घातला नाही. त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

मग बोलण्याची गाडी महामार्गावर आली. नागपूर-सिवनी रस्ता, पूर्वीचा सात नंबर, आता चव्वेचाळीस. चोरबाहुलीच्या पुढे तो पेंचचं जंगल चिरत जातो. चौपदरीकरण निघालं तेव्हा वर्षानुवर्षं भांडण चाललं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून खालून प्राण्यांना वाट दिली. काही वाटा पन्नास मीटरच्या, सर्वांत लांब साडेसातशे मीटरची. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तर 18 प्रकारचे वन्यप्राणी त्या वाटांनी जाताना सापडले. वाघही.

"जनावर कुठून जाते हे आम्हाले माहीतच होतं," काकाजी म्हणाले. "रस्त्यावर पडलेलं चितळ उचलायले आम्हीच जात होतो. कोणत्या किलोमीटरच्या दगडापाशी किती वेळा गेलो हे मी आजही सांगतो. पण कोणी इचारलं नाही. मंग कोणी नकाशा आणला, त्याच्यावर लाल रेघ काढली, अन् साऱ्यांचे डोळे उघडले."

"काकाजी, कोर्टात किलोमीटरच्या दगडाची आठवण चालत नाही. तुम्हाला माहीत होतं, मान्य. पण ते तुमच्या डोक्यात होतं. तुमची बदली झाली की ते ज्ञानही बदलून जायचं. नवा माणूस पहिल्यापासून. समोर रस्ते बांधणारे बसलेले, त्यांच्याकडे खर्चाचे आकडे. त्यांना आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. आम्ही काय करतो? प्रत्येक चौकोनाला प्राण्याच्या अडचणीचा एक आकडा देतो. दाट रानाला कमी, शेताला मध्यम, गावाला जास्त, महामार्गाला फार जास्त. मग एका जंगलातून दुसऱ्यात जायला सर्वांत कमी त्रासाची वाट कोणती, हे गणिताने निघतं. ती रेघ कोर्टात ठेवता येते."

इथे माझ्या मते पोरीचीच बाजू वरचढ होती. काकाजींच्या डोक्यातला नकाशा कितीही अचूक असला तरी त्याची प्रमाणित प्रत काढता येत नाही.

"वाघाने वाचली का तुमची रेघ?" काकाजी एवढंच म्हणाले, आणि त्यांनी टिपेश्वरच्या वाघाचं नाव काढलं. गळ्यात कॉलर घातलेला तो तरुण नर 2019 च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातून निघाला, तेलंगणात शिरला, परत आला, कापूस-तुरीच्या शेतांतून, रस्ते ओलांडत 1,300 किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 'वॉकर' हे नाव त्याला मागाहून पडलं.

"त्यानेच तर आम्हाला शिकवलं," ती म्हणाली. "आमच्या हिशेबात शेत म्हणजे शेत, बारा महिने एकच आकडा. त्याच्या कॉलरने दाखवलं की ऑक्टोबरात उभी तूर ही वाघाला लपायला रानासारखीच. एप्रिलात तेच वावर उघडं. आता ऋतूप्रमाणे आकडे बदलावे लागतात."

"हे तर कोणताही गुराखी सांगत होता."

"सांगत असेल. लिहून कोण घेत होतं?"

"अन् जय? त्याच्याही गळ्यात कॉलर होती नं?"

जयचं नाव निघालं की नागपुरात वाद थांबतो. नागझिऱ्यातून 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याला आलेला तो देखणा वाघ, 2016 च्या एप्रिलनंतर कोणालाच दिसला नाही. कॉलर मुकी झाली. किती शोधला, सापडला नाही. ती काही बोलली नाही. काकाजींनीही तो मुद्दा पुढे रेटला नाही, हे मला आवडलं.

विषय तिनेच बदलला. "एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते. वनहक्क कायद्याच्या नियमांत 2012 ला दुरुस्ती झाली. त्यात लिहिलंय की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही. म्हणजे चित्रात शेत दिसत नाही म्हणून आदिवासीचा दावा फेटाळता येत नाही. गावातल्या म्हाताऱ्याचं सांगणं, जुनी समाधी, विहीर, बांध, हे सगळं पुरावाच."

"हे कायद्यात आहे?"

"आहे."

"मंग तुह्या झुडपी जंगलाले काऊन लागू नाही?"

तिने लॅपटॉपवरची सूची उघडली. सात रंग, सात नावं. त्यातल्या 'पडीक'वर काही वेळ बाण नुसता फिरत राहिला. मग तिने तक्त्यात एक नवा रकाना घातला आणि वर लिहिलं, 'गावातलं नाव'. काकाजींकडे न बघता विचारलं, "त्या कळमेश्वरच्या पट्ट्याला काय म्हणतात?"

"कोणत्या भागाले? नाल्याकडचं वेगळं, टेकडीवरचं वेगळं. असं बसून नाही सांगता येत. गाडी काढ."

"गुडघे?"

"गाडीतून उतरायचं कुठं आहे? खिडकीतून सांगतो."

पुढचे तीन रविवार चहा झाला नाही. त्या पट्ट्यातल्या बावीस तुकड्यांपैकी नऊ तुकड्यांची नावं आता रकान्यात आहेत. उरलेली काकाजींनाही माहीत नव्हती, ती विचारायला एका गुराख्याची वेळ घेतली आहे. नावं वेगवेगळी आहेत, पण 'पडीक' हे एकाही तुकड्याचं नाव नाही.

इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ कोणालाही फुकट उघडता येतं. आपल्या गावाचं गायरान त्यावर शोधा, त्याच्यावर कोणता रंग आणि कोणतं नाव घातलंय ते पाहा, आणि मग ते नाव गावात गुरं चारणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. तो काय म्हणाला ते मात्र लिहून ठेवा, तारखेसकट.